उलार गाडी

काका घरात आले त्या दिवसापासून आमच्याकडे आकडे मोठ्याने वाचले जाऊ लागले. मायक्रोवेव्हवर एक्केचाळीस, चाळीस, एकोणचाळीस. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर बहात्तर. दुधाच्या कॅनवर एक गॅलन. एरवी अमेरिकेतल्या कॅरी गावातलं आमचं घर तसं मुकंच होतं. सकाळी सात वाजता गराजचं दार घरघरत वर जायचं आणि बाबा कामाला जायचे, मग आईच्या कुकरच्या तीन शिट्ट्या, मग दुपारभर फक्त एसीचा आवाज. त्यात हा खणखणीत, उघड्यावर बोलायची सवय असलेल्या माणसाचा आवाज. काकू वैतागायच्या. "अहो, ते यंत्र स्वतःचं स्वतः मोजतंय की. तुम्ही कशाला त्याला हातभार लावताय?" काका हसायचे आणि पुढचा आकडा वाचायचे.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर काढली. काटा म्हणजे वजनकाटा. उसाने भरलेली बैलगाडी काट्यावर चढायची, काट्यावरचा कारकून वजन वाचायचा, आत जाऊन ऊस खाली व्हायचा, रिकामी गाडी परत काट्यावर यायची. भरलं वजा रिकामं, उरेल तो ऊस. काम एवढंच, पण शेतकऱ्याचं अख्खं वर्ष त्या वजाबाकीवर अवलंबून. आमचे बाबा इकडे औषधांच्या कंपनीत. त्यांचं सगळं आयुष्य मिलिग्रॅममध्ये. तिथे एकाने वजन केलं की दुसऱ्याने ते तपासून शेजारच्या चौकटीत सही करायची असा दंडक होता. एक भाऊ टनांचा आणि एक मिलिग्रॅमचा, पण दोघेही वजनाचेच, असं आई म्हणायची. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात गावाकडचा विषय निघाला की बाबा हटकून सांगायचे, "माझ्या दादाच्या काट्यात कधी किलोचा फरक सापडला नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की बाबांनी तोंड उघडताच मला ते पाठ म्हणता आलं असतं.

काका-काकू अमेरिकेत पहिल्यांदाच येत होते, आणि बहुधा शेवटचेच, असं बाबांनी मनाशी धरलं होतं. त्यांच्यासाठी म्हणून बाबांनी ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याकडून जुना कॅम्पिंग ट्रेलर घेतला. दोन पलंग, मागच्या टोकाला एक फळीवजा बंक, इवलंसं स्वयंपाकघर आणि आंघोळीला उभं राहिलं की कोपर भिंतीला लागेल अशी मोरी. पिकअप ट्रक आमच्याकडे आधीपासून होता. त्याला कधी जड काही ओढायला लावलं नव्हतं, त्यातून फार तर मंडळाच्या गणपतीच्या खुर्च्या जायच्या. ट्रेलर ड्राइव्हवेमध्ये उभा राहिल्यावर तिसऱ्या दिवशी एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या कमिटीचं, पत्र आलं, हा प्रकार इथे उभा करता येणार नाही म्हणून. बाबांनी ते फ्रिजवर लावलं आणि म्हणाले, "शुक्रवारी निघतोच आहोत. तोवर त्यांना बघून घेऊ दे."

बाबांच्या डोक्यात एकच चित्र होतं. लहानपणी गावच्या जत्रेला त्यांचं सगळं घर एका बैलगाडीत बसून जायचं. आबा, म्हणजे माझे आजोबा, गाडी हाकायला आणि दादा त्यांच्या शेजारी. आता बाबा हाकणार होते आणि शेजारी दादा बसणार होता. मागे आई, काकू आणि मी. पश्चिमेकडच्या डोंगरांत चार दिवस. "दोन गाड्या न्यायच्या नाहीत," ते आईला बजावून सांगत. "सगळे एका गाडीत. नाहीतर मजा काय?"

आता हा ट्रक हा ट्रेलर ओढू शकेल का, हा प्रश्न बाबांच्या मते सुटलेला होता. ट्रकच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं, सात हजार सातशे पौंड. ट्रेलरच्या कागदावर होतं, रिकामं वजन चार हजार नऊशे. कंपनीत तोळामासा तपासणारा हा माणूस छापील कागदापुढे एवढा भाबडा कसा व्हायचा, हे मला आजही कळलेलं नाही. तरी रीत म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. मी सोळा वर्षांची होते, लायसन्स मिळून तीन महिने झाले होते आणि स्प्रेडशीट करायची मला हौस होती. "चारू, सगळं मांड. सामान, माणसं, सगळं. खाली 'केलं' आणि 'तपासलं' अशा दोन चौकटी ठेव."

"ओके, बाबा. आय गॉट इट," मी म्हणाले.

मी खरंच मन लावून केलं. वाचत गेले तसं लक्षात आलं की सात हजार सातशे हा आकडा कौतुकापुरताच आहे. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला एका पिवळ्या स्टिकरवर होता: ट्रकच्या अंगावर माणसं आणि सामान मिळून एक हजार पाचशे वीस पौंडांपेक्षा जास्त नको. आणि ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही. त्याचं नाक ट्रकच्या मागच्या गोळ्यावर टेकलेलं असतं, आणि त्या नाकाचं वजन ट्रकच्या अंगावरच येतं. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा तरी कमी नको. म्हणजे आम्ही पाच जण, अधिक नाकाचा भार, अधिक मागच्या हौद्यातली लाकडं आणि कूलर, हे सगळं त्या दीड हजारात बसवायचं होतं.

मग मी माणसांची वजनं विचारत फिरले. आईने बाथरूमचं दार लावून काटा पाहिला आणि बाहेर येऊन पाच पौंड कमी सांगितले, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. काकू स्वयंपाकघरात बेसन भाजत होत्या. "बाईमाणसाला वजन विचारतात का गं? लिही पंचावन्न किलो."

"पासष्ट," काका दिवाणखान्यातून, वर्तमानपत्राआडून म्हणाले.

"तुम्हाला कुणी विचारलंय?"

"काट्यावर एकतीस वर्षं कुणी न विचारताच सांगत आलो," काका म्हणाले.

सामानाचं तर विचारूच नका. कॅम्पग्राउंडवर काय मिळेल याचा भरवसा नाही म्हणून आईने चार दिवसांसाठी महिन्याचा शिधा काढला होता. तांदूळ, कणीक, डाळी, दोन कुकर, पोळपाट, लोखंडी तवा, बिडाचा खलबत्ता. खलबत्ता कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "वहिनींना मिक्सरमधली चटणी आवडत नाही." शिवाय तिथल्या पाण्याची खात्री नाही म्हणून बाबांनी ट्रेलरची चाळीस गॅलनची टाकी घरच्या नळाने काठोकाठ भरली. गॅलनला साडेआठ पौंडांच्या आसपास. म्हणजे एक मोठा माणूस आणि त्याच्या मांडीवर एक माणूस, एवढं नुसतं पाणी.

बेरीज केली. ट्रकच्या अंगावर तीनशे चाळीस पौंड जास्त. दोनदा केली, तेवढीच आली. याचा अर्थ सरळ होता. पाणी ओतायचं, शिधा निम्मा करायचा, पण त्याने ट्रकवरचा भार त्यांच्या दहाव्या हिश्शानेच कमी होणार, म्हणून तरीही दोन माणसांनी दुसऱ्या गाडीतून यायचं. कोणती दोन? आई आणि मी गेलो तर बाबांचं चित्र मोडत होतं. काका-काकूंना वेगळ्या गाडीत घालायचं तर पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्यांना, तुमचं ओझं झालंय हो, असं तोंडावर सांगण्यासारखं होतं. बाबा शेजारच्या खोलीत काकांना नकाशा दाखवत होते. त्यांचा आवाज इतका उमललेला मी फार वर्षांत ऐकला नव्हता. त्यांच्यापुढे हा कागद नेऊन ठेवायची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर मलाही तो बंक हवा होता, ती ट्रिप हवी होती, आणि घरात वाईट बातमी देणारी मी व्हायला नको होतं.

मी तीन ठिकाणी आकडे दाबले. पाण्यासमोर शून्य घातलं, 'तिथे गेल्यावर भरणे' असा शेरा लिहून, टाकी भरलेली डोळ्यांनी पाहिली असूनही. आईच्या शिध्याचे ऐंशी पौंड केले. माणसांचं प्रत्येकी थोडं थोडं कापलं, काकूंचे पंचावन्नच धरले. ट्रेलरचं एकूण वजन मी पाच हजार चारशे लिहिलं. आणि नाकावरचा भार कमी व्हावा म्हणून एक हुशारी केली: पुढच्या कपाटातला सगळा शिधा आणि खलबत्ता उचलून ट्रेलरच्या पार मागे, माझ्या बंकखाली नेऊन ठेवला. खाली शेवटी हिरव्या रंगात आलं: चाळीस पौंड शिल्लक. 'केलं' या चौकटीत मी नाव घातलं. बाबांनी ओट्याशी उभ्या उभ्या चहा पिता पिता 'तपासलं' मध्ये सही केली. "शाब्बास. चाळीस शिल्लक." वजनात फसवण्याला काटा मारणं म्हणतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बाबा ट्रेलर जोडत होते. ट्रेलरच्या नाकाखाली एक जॅक असतो, त्याचं हँडल फिरवून नाक वर-खाली करायचं. बाबा थकले म्हणून काकांनी हँडल हातात घेतलं. दोन-तीन वेढे फिरवले आणि थांबले. मग नाकाला दोन्ही हातांनी धरून जरा वर उचलून पाहिलं.

"बाळ्या, गाडी उलार आहे."

बाबा हसले. "दादा, ही बैलगाडी नाही."

"चाकं मधोमधच आहेत ना? मग बैलगाडीच. मागे ओझं झालंय. पुढचं नाक हलकं आहे."

"कागदावर सगळं मांडलंय रे. चारूने केलंय, मी सही केलीय." बाबांच्या बोलण्यात किंचित धार आली. "इकडे असं हाताने उचलून नाही बघत."

काकांनी नाक सोडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंची पिशवी गाडीत ठेवायला गेले.

पहिला तासभर छान गेला. काका पुढे बसून वेगाचा आकडा वाचत होते, साठ, एकसष्ट, बासष्ट. काकूंनी बेसनाचे लाडू काढले. आई म्हणाली, "बघा, उगाच घाबरत होतो." बर्लिंग्टन गावाच्या अलीकडे रस्ता लांब उताराला लागला आणि डावीकडून एक अठरा चाकी ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि मागे ट्रेलर आधी उजवीकडे गेला, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, दर वेळी जास्त. आमच्या ट्रकचं ढुंगण त्याच्याबरोबर फेकलं जायला लागलं. आरशात ट्रेलरची पूर्ण बाजू दिसत होती, ती कधीच दिसायला नको. आईने माझा हात इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही वळ होते. बाबांनी ब्रेक दाबला आणि ट्रेलरने आणखी मोठा हिसका दिला.

"कासरा ओढू नको!" काका ओरडले. "बाळ्या, कासरा सोड! सोड म्हणतो ना!"

कासरा म्हणजे बैलांचा दोर. बाबांनी तो शब्द चाळीसएक वर्षांत वापरला नसेल. पण इंग्रजीत कुणी काही ओरडलं असतं तर त्यांना ते कळायला जेवढा वेळ लागला असता तेवढा आमच्याकडे नव्हता. त्यांचा पाय ब्रेकवरून उठला. गाडी आपोआप मंदावत गेली, पंचावन्न, पन्नास, आणि ट्रेलरचे हेलकावे लहान होत होत थांबले. काकूंच्या मांडीवरचा लाडवांचा डबा उलटून सगळीकडे भुगा झाला होता. बाबा चाळीसच्या वेगाने उजव्या कडेने पुढच्या एक्झिटला उतरले. तिथे ट्रकवाल्यांचा मोठा थांबा होता, आणि पंपाच्या पलीकडे जमिनीत बसवलेली एक लांब लोखंडी पट्टी. काकांनी ती माझ्याआधी पाहिली.

"काटा आहे," ते म्हणाले. "घे वर."

बाबांनी निमूटपणे घेतली. खिडकीशेजारी खांबावर एक बटण होतं. दाबल्यावर एका बाईचा आवाज आला, "फर्स्ट वे ऑर रीवे?" म्हणजे पहिलंच वजन की फेरवजन. बाबा अजून भानावर नव्हते. काकांनी त्यांच्या अंगावरून वाकून सांगितलं, "फर्स्ट!" अमेरिकेत त्यांनी परक्या माणसाशी बोललेला तो पहिला शब्द. मग त्यांच्या सांगण्यावरून ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून, आम्ही सगळे तसेच बसलेले असताना, नुसता ट्रक पुन्हा काट्यावर चढवला. भरलं वजा रिकामं.

पावत्या आत काउंटरवर मिळाल्या. ट्रेलरजवळच्या सिमेंटच्या कठड्यावर आम्ही बसलो. बाबांनी पावत्या माझ्याकडे दिल्या, कारण हिशेब माझ्याकडे होता. मी त्या वाचायला लागले, मनातल्या मनात.

"काट्यावर एक रीत असते," काका म्हणाले. "आकडा मोठ्याने वाचायचा. गाडीवानाला ऐकू जाईल असा."

मी भरलं वजा रिकामं करून वाचलं. ट्रेलर, सहा हजार दोनशे साठ. ट्रकवर आलेला नाकाचा भार, तीनशे नव्वद; हवा होता सहाशेच्या वर.

"आता तुझा कागद वाच."

ते रागाने बोलले नव्हते. त्यांच्या आवाजात चढउतार काहीच नव्हता, मायक्रोवेव्ह वाचावा तसा. मी घडी केलेला कागद उलगडला आणि वाचलं, पाच हजार चारशे. हायवेचा आवाज येत होता. बाबा म्हणाले, "आठशे साठचा फरक? बेरीज चुकली का गं?"

"नाही," मी म्हणाले. मग रडायला लागले. "आय न्यू, बाबा. मला माहीत होतं. खरं केलं तर दोघांना उतरावं लागत होतं. मला तुम्हाला सांगायचं नव्हतं."

आई काहीतरी बोलणार होती, काकूंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी खालच्या 'तपासलं' या चौकटीवर बोट ठेवलं.

"ही सही माझी आहे," ते म्हणाले. "न बघता केलेली. कंपनीत मी अशासाठी माणसं घरी पाठवलीत." मग काकांकडे वळून म्हणाले, "दादा, तू सकाळी सांगितलंस. मी तुला बैलगाडीचं बोललो."

"बैलगाडीचंच बोललास ना, शिवी नाही दिलीस. ऊठ, टाकी उघड."

आम्ही टाकी उघडली आणि घरचं पाणी पार्किंगच्या गटारात वाहू दिलं. काका आणि मी मिळून बंकखालचा शिधा पुढच्या कपाटात नेला. काकांनी मला नाक उचलून बघायला लावलं. आता ते उचललं जाईना. "असं हवं," ते म्हणाले. "गाडी उलार झाली की बैलाच्या मानेवरचं जू वर उचललं जातं. मग तो चालत नाही, लटकतो. आणि उताराला लागला की गाडी त्याला नेईल तिकडे जातो." पण नाक जड झालं म्हणजे ट्रकवर भार आला, आणि पाणी काढूनसुद्धा माणसं जास्तच होत होती. मी कठड्यावर बसून पुन्हा बेरीज केली, या वेळी काकूंचे पासष्ट किलो धरून, आणि ती मोठ्याने वाचली. दोन माणसांना दुसऱ्या गाडीतून यावंच लागणार होतं.

बाबा आणि आई रिकामा ट्रक घेऊन घरी गेले आणि आई आमची छोटी गाडी चालवत घेऊन आली. दोन तास गेले. बाबांनी त्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. कोणतंही भाषण दिलं नाही. "माझ्या मागे राहा. अंतर ठेव. काही हललेलं दिसलं तर फोन कर." आज माझी मुलगी लायसन्सच्या वयाची झाली आहे, आणि तशा सकाळनंतर मी तिच्या हातात किल्ली दिली असती का, याचं उत्तर मला देता येत नाही.

"मी पोरीबरोबर येतो," काका म्हणाले.

बाबांचा चेहरा उतरला. "तुला शेजारी बसवून न्यायचं होतं रे, दादा. तेवढ्यासाठीच तर सगळं."

"मागून येतो की. मागून गाडी नीट दिसते."

तीन तास आम्ही त्या ट्रेलरच्या मागे होतो. पहिला तास काका फक्त वेगाचा आकडा वाचत होते आणि मधूनमधून म्हणत होते, "सरळ चाललीय." मग मी विचारलं, ते आकडे मोठ्याने का वाचतात. मला वाटलं सवय असेल.

"एका हंगामात मी काटा मारला होता," ते म्हणाले. "तुझ्यासारखाच. मला वरून सांगणं होतं, दर गाडीमागे चाळीस किलो कमी वाचायचे. सगळ्यांचे. नाही म्हणालो असतो तर नोकरी जात होती, आणि तुझा बाप तेव्हा कॉलेजात होता. तरी तो बहाणाच. नाही म्हणायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी आबांची गाडी आली, आमचीच. मला सोडता आली असती. पण घरची सोडून दुसऱ्यांची मारली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तीही मारली. एक टन आठशे सत्तर होती. मी एक टन आठशे तीस वाचली. मोठ्याने, रीतीप्रमाणे."

"त्यांना कळलं?"

"आबांना मोळ्या उचलतानाच वजन कळायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'बरं' म्हणाले, आणि गाडी हाकली. घरी आल्यावरही काही नाही. मरेपर्यंत काही नाही." काकांनी खिडकीची काच खाली केली, परत वर केली. "पुढच्या हंगामाला मी सांगितलं, असं वाचणार नाही. वर्षभर गोदामात टाकलं मला. मग साहेब बदलले, परत काट्यावर आणलं. तेव्हापासून ठरवलंय, तोंडातून आकडा निघाला तर तो खरा निघेल. रोज वाचतो म्हणजे सवय राहते."

"बाबांना माहीत आहे?"

"तुझा बाप सगळ्या जगाला सांगत असतो, दादाच्या काट्यात किलोचा फरक नाही म्हणून. त्याला कुठल्या तोंडाने सांगू?" मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पण सकाळी तुला मात्र कागद वाचायला लावला मी."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण बाबांनी रस्त्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. समोर ट्रेलर अगदी सरळ चालला होता. त्या वयात मला मोठी माणसं चुकतात हे माहीत होतं, पण ती चुकून एवढी वर्षं गप्प राहतात आणि तेवढीच वर्षं त्याची भरपाई करत राहतात, हे मला त्या गाडीत कळलं. मला काकांबद्दल फार माया वाटली. मी वेगाचा आकडा मोठ्याने वाचला, "अठ्ठावन्न." ते म्हणाले, "बरोबर."

ऊन कलताना कॅम्पग्राउंडवर पोचलो. बाबांनी ट्रेलर एकाच फेरीत जागेवर लावला आणि मगच त्यांच्या खांद्यांतला ताण गेला. काकूंनी लाडवांचा भुगा वाट्यांत घालून वर दूध ओतून दिलं, आणि तो लाडवापेक्षा बरा लागला. आई आणि काकू ट्रेलरमध्ये भाताला लागल्या. मी बाहेर लाकडी टेबलावर छोट्या स्टोव्हवर चहाचं दुसरं आधण ठेवलं होतं. समोरचे डोंगर निळे झाले होते. दोघे भाऊ एका बाकावर, शेजारी शेजारी, बसले होते. बाबा बऱ्याच वेळाने मोकळे हसले आणि म्हणाले, "दादा, तुझा काटाच खरा. मी उगाच नाही सांगत लोकांना."

काकांनी कप खाली ठेवला.

"बाळ्या," ते म्हणाले, आणि मला कळलं की आता आकडा येणार. "ज्या हंगामात तू शेवटच्या वर्षाला होतास, तेव्हा आबांची गाडी मी एक टन आठशे तीस वाचली. होती एक टन आठशे सत्तर. सगळ्यांच्याच मारल्या त्या हंगामात. आबांचीही."

ते खणखणीत बोलले. आतल्या आई आणि काकूंनाही ऐकू गेलं असणार, कारण आतला भांड्यांचा आवाज थांबला. बाबा काकांकडे पाहत राहिले. आधण वर आलं तसं मी स्टोव्ह बंद केला, त्याचा आवाजही नको वाटला म्हणून. बाबांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग डोळे भरून आले. मला वाटलं ते विचारतील, का केलंस, मला आधी का नाही सांगितलंस. त्याऐवजी त्यांनी हात लांब करून काकांचा थंड झालेला कप उचलला आणि त्यात नवा चहा ओतायला माझ्यापुढे धरला.

"बरं," ते म्हणाले.

काकांनी चष्मा काढला आणि मान खाली घातली. आबा काय म्हणाले होते ते त्यांनी बाबांना सांगितलं नव्हतं. ते फक्त काकांना आणि मला माहीत होतं.